पावसाचे हिशेबनीस

जून महिना लागला की आपण सारे आकाशाकडे पाहू लागतो. शाळेच्या पत्र्यावर पहिली सर वाजते. मैदानात पाणी साचते. घरी आल्यावर कोणी ना कोणी सांगते की आज खूप पाऊस झाला. पण खूप म्हणजे किती? शेजारच्या गावात आपल्यापेक्षा जास्त झाला की कमी? गेल्या वर्षी याच दिवशी किती झाला होता? या प्रश्नांची उत्तरे नुसत्या आठवणीने देता येत नाहीत. त्यासाठी पाऊस मोजावा लागतो आणि मोजलेला पाऊस लगेच लिहून ठेवावा लागतो.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात गावोगावच्या पावसाचे आकडे छापून येतात. ते वाचताना आपल्याला काही नवल वाटत नाही. परंतु दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी इंग्लंडमधील एका तरुणाने हजारो माणसांना पाऊस मोजण्याचा छंद लावला. त्या सर्वांच्या नोंदी त्याने एकत्र केल्या आणि दरवर्षी त्यांचे पुस्तक छापले. त्या तरुणाचे नाव जॉर्ज जेम्स सायमन्स.

सायमन्स यांचा जन्म ६ ऑगस्ट १८३८ रोजी लंडन शहरातील पिम्लिको या भागात झाला. लहानपणापासूनच त्यांना हवामानाचा नाद होता. इतर मुले खेळात रमत, तेव्हा हा मुलगा वारा कोणत्या दिशेने वाहतो, थंडी किती पडली, ढग कसे आले, हे पाहत बसे. त्यासाठी लागणारी साधने तो स्वतःच्या हातांनी तयार करी. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षीच त्यांना ब्रिटिश हवामानशास्त्र संस्थेचे सभासद करून घेण्यात आले. तेथे वयाने आणि अनुभवाने मोठी माणसे होती. त्यांच्यात हा कोवळा मुलगा जाऊन बसला, तो केवळ आपल्या आवडीच्या बळावर.

त्याच काळात इंग्लंडवर एक संकट आले होते. सन १८५० नंतरच्या दशकात काही वर्षे पाऊस सारखा कमी पडत गेला. नद्या रोडावल्या, विहिरींचे पाणी खाली गेले. इंग्लंड हा तर पावसाळी हवेचा देश. तेथे पाण्याची टंचाई पडेल असे लोकांना वाटले नव्हते. गिरण्या आणि कारखाने वाढत होते, शहरांत माणसांची गर्दी होत होती आणि त्या सर्वांना पाणी हवे होते. पाऊस खरोखरच कमी होत चालला आहे काय, असा प्रश्न जो तो विचारू लागला. पण उत्तर कोणाजवळच नव्हते. देशात ठिकठिकाणी काही हौशी माणसे पाऊस मोजत होती, हे खरे. मात्र कोणाची नोंद घरातल्या वहीत पडून होती, तर कोणाची कपाटात धूळ खात होती. प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी आणि वेळही वेगळी. त्यामुळे एकाच्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करता येत नव्हती.

हे विखुरलेले मोती एका धाग्यात ओवायचे, असे सायमन्स यांनी ठरवले. त्यांनी पाऊस मोजणाऱ्या माणसांचा शोध सुरू केला. पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांतून विनंती केली. हळूहळू उत्तरे येऊ लागली. सन १८६० च्या पावसाचा पहिला अहवाल त्यांनी तयार केला, तेव्हा त्यात १६८ ठिकाणांच्या नोंदी होत्या. त्या वेळी सायमन्स अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे हा अहवाल ‘ब्रिटिश रेनफॉल’ म्हणजे ‘ब्रिटनचा पाऊस’ या नावाने दरवर्षी निघू लागला.

सन १८६० मध्येच त्यांना सरकारी हवामान खात्यात नोकरी मिळाली होती. या खात्याचे प्रमुख ॲडमिरल फिट्झरॉय हे होते. चार्ल्स डार्विन हे शास्त्रज्ञ ज्या ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेला गेले, त्या जहाजाचे हेच कप्तान. खलाशांचे प्राण वाचावेत म्हणून वादळाची सूचना आधी देण्याची पद्धत फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये सुरू केली होती. अशा खात्यात काम करायला मिळणे ही मोठीच गोष्ट होती. नोकरी मानाची होती आणि दरमहा पगार मिळत होता.

परंतु पावसाचे काम वाढत चालले. टपालाने रोज नवी पत्रे येत. आकडे तपासायचे, बेरजा करायच्या, चुका शोधायच्या, पत्रांना उत्तरे लिहायची, या साऱ्यासाठी वेळ पुरेना. नोकरी आणि पाऊस, दोन्ही एकाच वेळी सांभाळणे कठीण झाले. दोन्हींपैकी एक सोडायचे तर कोणते? पावसाच्या कामाचा पगार कोणी देणार नव्हते. ते काम थांबवले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण शेकडो माणसे त्यांच्यावर विश्वास ठेवून आपल्या नोंदी पाठवत होती. त्या नोंदी म्हणजे लोकांनी सोपवलेली अमानतच होती. सन १८६३ मध्ये सायमन्स यांनी नोकरी सोडली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचेही झाले नसतील. त्यानंतर जन्मभर त्यांनी हेच काम केले.

आता प्रश्न होता खर्चाचा. छपाईला पैसे लागत, टपालाला पैसे लागत. हा भार पाऊस मोजणाऱ्या मंडळींनीच उचलला. जे नोंदी पाठवत, तेच वर्गणीही पाठवू लागले. काही वर्षे एका मोठ्या विज्ञानसंस्थेनेही या कामाला मदत दिली. पाणीपुरवठ्याच्या कामांत सायमन्स यांचा सल्ला घेतला जाई, त्यातूनही थोडी कमाई होई.

सन १८६३ पासून ते दरमहा पावसाचे एक पत्रक काढत. त्यातूनच १८६६ मध्ये एका मासिकाचा जन्म झाला. त्याचे नाव ‘सायमन्सचे हवामान मासिक’. हे मासिक म्हणजे हवामानाच्या शौकिनांची जणू बैठकच होती. एखाद्या गावी मोठ्या गारा पडल्या, कोठे झाडावर वीज कोसळली, कोठे ऐन उन्हाळ्यात थंडी पडली, की तेथील वाचक ते पाहून लिहून पाठवी. दुसऱ्या गावचा वाचक आपल्याकडे त्याच दिवशी काय झाले ते कळवी. अशा रीतीने एकच वादळ कोठून आले आणि कोठे गेले, हे अनेकांच्या डोळ्यांनी पाहता येई. एकट्या माणसाला आपल्या डोक्यावरचेच आकाश दिसते. हजार माणसे एकत्र आली, तर साऱ्या देशाचे आकाश दिसते. या मासिकाने हेच साधले.

पाऊस मोजणारे हे लोक होते तरी कोण? त्यांत चर्चचे पाद्री होते, डॉक्टर होते, जमीनदार होते, शाळामास्तर होते, इंजिनिअर होते आणि बागांची देखभाल करणारे माळीही होते. स्त्रियाही या कामात सहभागी होत्या. त्यांपैकी बहुतेकांनी हवामानशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांना या कामाचा मोबदलाही मिळत नव्हता. रोज सकाळी नऊ वाजता ते बागेत जात, पर्जन्यमापकातील पाणी मोजत आणि वहीत आकडा लिहीत. पाऊस असो, धुके असो वा बर्फ असो, हा नेम चुकत नसे.

पर्जन्यमापक हे साधन दिसायला अगदी साधे आहे. पत्र्याचे एक गोल नळकांडे, त्यावर नरसाळे आणि आत बाटली. नरसाळ्यातून पावसाचे पाणी बाटलीत जमते. ते खुणा केलेल्या काचेच्या भांड्यात ओतून मोजतात. एक मिलिमीटर पाऊस झाला, याचा अर्थ जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले. एक हेक्टर शेतावर तेवढ्याच पावसाने दहा हजार लिटर पाणी पडते. यावरून लहानशा आकड्यातही किती पाणी सामावलेले असते, हे ध्यानात येईल.

साधन साधे असले तरी चूक व्हायला वेळ लागत नाही. पर्जन्यमापक झाडाखाली ठेवला तर पाऊस कमी भरतो. उंच छपरावर ठेवला तर वारा थेंब उडवून नेतो. अगदी जमिनीलगत ठेवला तर मातीवर आपटलेले शिंतोडे आत उडतात. मग तो ठेवावा कोठे? सायमन्स यांनी या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने दिले नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानमोठ्या आकाराचे अनेक पर्जन्यमापक वेगवेगळ्या उंचीवर मांडून कित्येक वर्षे प्रयोग केले. कॅल्न नावाच्या गावी कर्नल वॉर्ड यांनी केलेले प्रयोग त्यांपैकीच होते. अशा प्रयोगांतून साधनाचे माप आणि जमिनीपासूनची उंची यांविषयी नियम ठरत गेले. पाच इंच व्यासाचे तोंड आणि जमिनीपासून एक फूट उंची हे माप रूढ झाले. सायमन्स यांनी सर्वांसाठी सोपे नियम छापले. मोजण्याची वेळ एक, रीत एक आणि लिहिण्याची पद्धतही एक. त्यामुळे दूरदूरच्या दोन गावांचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले.

तरीही सायमन्स केवळ पत्रांवर विसंबून राहिले नाहीत. ते स्वतः गावोगाव फिरले आणि शेकडो पर्जन्यमापक त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कोठे नरसाळे वाकलेले असे, कोठे शेजारचे झुडूप वाढून त्याने आभाळ झाकलेले असे. ते चूक दाखवत, दुरुस्ती सुचवत. हिशेबनीस जसा प्रत्येक पैशाचा हिशेब लावतो, तसा ते प्रत्येक थेंबाचा हिशेब लावत. एखाद्या ठिकाणचा आकडा आसपासच्या गावांशी जुळला नाही, तर चौकशी केल्याशिवाय ते पुढे जात नसत. ज्या दिवशी पाऊस पडला नाही तो दिवस आणि ज्या दिवशी कोणी मोजलाच नाही तो दिवस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दिवशी शून्य लिहायचे असते. दुसऱ्या दिवशी शून्य लिहिले तर ते खोटे ठरते. एका माणसाने असा एक खोटा आकडा लिहिला, तर साऱ्यांची मेहनत संशयात सापडते. म्हणून या कामात हुशारीपेक्षा प्रामाणिकपणाची किंमत अधिक होती.

जसजशी वर्षे गेली, तसतशी देशाच्या पावसाची ओळख पटत गेली. इंग्लंडच्या वायव्येकडील डोंगराळ भागात सीथवेट नावाची वस्ती आहे. तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच देशाच्या पूर्व भागात अनेक ठिकाणी तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या पठारावर शेतकरी ढगाची वाट पाहतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. त्या काळात लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम अशा मोठ्या शहरांसाठी दूरच्या डोंगरांतून पाणी आणण्याच्या योजना होत होत्या. धरण किती मोठे बांधावे आणि पाऊस कमी पडला तर पाणी किती दिवस पुरेल, हे ठरवण्यासाठी इंजिनिअरांना पावसाचे खात्रीचे आकडे हवे होते. माळ्याने सकाळी बागेत लिहिलेला आकडा असा लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याच्या उपयोगी पडला.

सायमन्स यांच्या या हातोटीचा जगालाही उपयोग झाला. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मध्ये असलेल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्या स्फोटामुळे हवेत उठलेली लाट साऱ्या पृथ्वीभोवती फिरली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील वायुभारमापकावरही तिची नोंद झाली. पुढे कित्येक महिने जगात ठिकठिकाणी सूर्यास्ताच्या वेळी आकाश विलक्षण लाल दिसे. या सर्व गोष्टींचा अभ्यास करण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद सायमन्स यांच्याकडे दिले. जगभरातून आलेली माहिती जमवून, तपासून, १८८८ मध्ये त्यांनी तिचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पावसाच्या कामात अंगी बाणलेली चिकाटी येथेही उपयोगी पडली.

लंडनमधील कॅम्डन स्क्वेअर येथील सायमन्स यांचे घर म्हणजेच कचेरी होती. खोल्यांमध्ये हवामानावरील ग्रंथ आणि नोंदींच्या चळती असत. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ याही या कामात त्यांना मदत करत. घरामागच्या बागेत सायमन्स यांची स्वतःची साधने होती. दुसऱ्यांना जे काम सांगितले, ते त्यांनी स्वतः चाळीस वर्षांहून अधिक काळ केले. जुन्या काळातील नोंदीही ते शोधून काढत. चौदाव्या शतकात विल्यम मर्ल नावाच्या एका पाद्र्याने सात वर्षे हवामानाची टिपणे लिहिली होती. ती पाच शतकांहून जुनी टिपणे सायमन्स यांनी १८९१ मध्ये छापून लोकांसमोर आणली.

त्यांना मानसन्मानही पुष्कळ मिळाले. सन १८७८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हवामानशास्त्र संस्थेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले आणि अध्यक्षपदही भूषवले. सन १९०० मध्ये या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या वर्षासाठी सायमन्स यांनाच पुन्हा अध्यक्ष निवडण्यात आले. पण फेब्रुवारी महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १० मार्च १९०० रोजी त्यांचे निधन झाले. सुरुवातीला १६८ ठिकाणे होती. त्यांच्या अखेरच्या काळात, १८९८ च्या पुस्तकात, ३,४०४ ठिकाणांच्या नोंदी होत्या.

माणूस गेला, पण काम थांबले नाही. सहकाऱ्यांनी ते पुढे चालवले. सन १९१९ मध्ये ही सारी व्यवस्था ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याकडे गेली. ज्या कामासाठी सायमन्स यांनी सरकारी नोकरी सोडली होती, ते काम अखेर सरकारने आपले मानले. त्यांचे मासिकही नाव थोडे बदलून १९९३ पर्यंत निघत होते.

आपल्या देशाशीही त्यांचे नाते आहे. भारतात पाऊस मोजण्यासाठी दीर्घकाळ वापरला गेलेला पर्जन्यमापक ‘सायमन्सचा पर्जन्यमापक’ या नावानेच ओळखला जातो. त्याच्या तोंडाचा व्यास पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर असतो. आपल्याकडे सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजण्याची पद्धत आहे. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यमापकाचे चित्र दिसले, तर त्यामागचा हा माणूस अवश्य आठवावा.

या गोष्टीचा शेवट मोठा सुंदर आहे. सायमन्स आणि त्यांच्या नंतरच्या मंडळींनी भरलेले पावसाचे हजारो तक्ते ब्रिटनच्या हवामान खात्यात जपून ठेवलेले होते. सन २०२० मध्ये महामारीमुळे लोक घरांत अडकून पडले होते. तेव्हा सुमारे सोळा हजार स्वयंसेवकांनी घरबसल्या त्या तक्त्यांतील आकडे संगणकात उतरवण्याचे काम अंगावर घेतले. सुमारे ६६ हजार पानांवरील ५० लाखांहून अधिक नोंदी त्यांनी अवघ्या सोळा दिवसांत उतरवून काढल्या. त्यामुळे ब्रिटनच्या पावसाचा इतिहास १८३६ पर्यंत मागे नेता आला. आणि त्यातून काय दिसले? तेव्हापासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडे वर्ष १८५५ हे ठरले. त्या वर्षी सायमन्स सतरा वर्षांचे होते. ज्या टंचाईच्या वर्षांनी लोकांना प्रश्न विचारायला लावले होते, त्यांचे उत्तर शेवटी त्यांनीच जमवलेल्या कागदांतून मिळाले. मध्ये एकशे पासष्ट वर्षे गेली होती.

मुलांनो, रोज सकाळी एक आकडा खरा लिहिणे हे फार लहान काम वाटते. पण तेच काम हजारो हातांनी आणि पिढ्यान्‌पिढ्या केले, तर त्यातून ज्ञान उभे राहते. या पावसाळ्यात शाळेच्या अंगणात तुम्हीही एक पर्जन्यमापक ठेवून पाहा. वही मात्र अशी लिहा, की शंभर वर्षांनी ती वाचणाऱ्यालाही तुमचा विश्वास वाटेल.

शब्दार्थ

हिशेबनीस – हिशेब ठेवणारा
पर्जन्यमापक – पाऊस मोजण्याचे साधन
नरसाळे – अरुंद तोंडाच्या भांड्यात द्रव ओतण्याचे साधन
टंचाई – कमतरता
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा
हातोटी – काम करण्याचे कौशल्य
अंगी बाणणे – स्वभावात उतरणे
पक्षाघात – लकवा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सायमन्स यांचा जन्म कोठे झाला?
(आ) पहिल्या अहवालात किती ठिकाणांच्या नोंदी होत्या?
(इ) पर्जन्यमापक झाडाखाली ठेवल्यास काय होते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सायमन्स यांनी सरकारी नोकरी का सोडली?
(आ) न मोजलेल्या दिवशी शून्य लिहिणे चूक का आहे?

३. ‘विखुरलेले मोती एका धाग्यात ओवणे’ याचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.

४. उपक्रम : पावसाळ्यातील एका महिन्याच्या पावसाची रोज नोंद करा आणि शेजारच्या शाळेच्या नोंदीशी तिची तुलना करा.